कुठल्याही आकृतीत नाही

वीत्स्के शोधचौकटीत लिहिते: लाम्प.
खालच्या पट्टीवर आकडा येतो, चारशे बारा.
इतके दिवे अख्ख्या कालव्यावर नाहीत,
ग्रोनिंगेनपासून समुद्रापर्यंत मोजत गेलं तरी.

ती 'फक्त पूर्ण शब्द'वर टिचकी मारते.
शून्य.
'लहान-मोठी अक्षरं एकच समजा.'
शून्यच, पण या वेळी जरा उशिराने,
दुकानदार आत जाऊन बघून आल्यासारखं करतो तसं.

तक्रार एवढीच आहे:
लॉकमधलं पाणी दोन्ही बाजूंना सारखं झालं
की टेबलावरचा हिरवा दिवा लागतो,
दार मात्र दोन सेकंद हलत नाही.
मुख्यालयात कुणी ते घड्याळ लावून मोजलं,
वर्षभराच्या बोटींनी गुणलं,
आणि हे दोन सेकंद येतात कुठून
ते शुक्रवारपर्यंत कळवा म्हणाले.

मॉडेल एकोणीस वर्षांचं.
पहिल्या कंत्राटदाराने दिव्याला डच नाव दिलं.
दुसरे ब्रेमेनहून आले, त्यांच्याकडे तो लॉइश्टे झाला.
तिसऱ्यांनी इंग्रजीचा नियम काढला
आणि अर्ध्यात टाकून गेले.
एकच दिवा, तीन घरांत तीन नावांनी वाढलेला;
हाक मारली तर ओ कुणी द्यायची?

खारट ज्येष्ठमधाची गोळी ती गालात ढकलते.
नावं सोडून देते. आकडा शोधते: दोन हजार.
मिलिसेकंदांत माणसं भाषा बदलत नाहीत.

सापडलं: एक.

एक अवस्था. नाव 'एव्हन', म्हणजे जरासं.
उजवी टिचकी, 'आकृतीत दाखवा'.
हा घटक कुठल्याही आकृतीत नाही.

आत येणारा बाण आहे.
बाहेर जाणारा बाण आहे.
दिवसातून चाळीसदा दार तिच्या उंबऱ्यावर थांबून पुढे जातं.
फक्त चित्र काढताना कुणी तिला बोलावलं नाही,
पंगतीला वाढत राहिलेली, फोटोत नसलेली.
टिपणात चार शब्दसुद्धा नाहीत:
हार्म-यानला विचारा.

"मोइ," फोनवर हार्म-यान म्हणतो.
"मोइ," ती म्हणते.
तिकडे उत्तरेला एवढ्यावर बोलणं संपलं तरी चालतं.
पण ती विचारते.
पलीकडे कॉफीचा घोट ऐकू येतो, मग कप ठेवल्याचा आवाज.
"दिवा लागला की मी हात वर करतो.
बोटीवरचं माणूस मला बघतं, खुंट्यावरचा दोर सोडतं.
ओला दोर लगेच सुटत नाही, बाई.
पूर्वी दार तेवढ्यात उघडायचं, पाणी बोट ओढायचं.
एकदा बोटीवरच्या एका पोरीचं बोट गेलं.
करंगळी. डावी.
मी त्या मुलाला म्हटलं, जरा थांबू दे याला.
त्याने थांबवलं."
"कुठला मुलगा?"
"सायकलवर यायचा. नाव नाही आठवत."

मुख्यालयाला काय लिहावं ते अजून सुचत नाही.
आधी ती टिपण उघडते.
लिहिते: दोर. ओला दोर. करंगळी.
लाम्प, लॉइश्टे, हिरवा दिवा.
दार का हलत नाही. दार अडकलं का.
दोन सेकंद, २ से., २००० मि.से.,
आणि घाईत माणूस चुकवेल तशी
दोन चुकीची स्पेलिंगंसुद्धा,
मुद्दाम, एकाखाली एक.
मग अवस्थेला ओढून आकृतीत आणते.
जागा नसते. दोन चौकोन सरकवावे लागतात,
एक बाण वाकडा होतो. राहू दे.

तपासून बघते: करंगळी.
सापडलं: एक.

हार्म-यान येत्या मार्चमध्ये निवृत्त होतोय,
फोन ठेवताना बोलला होता, केक आहे म्हणून.
गालातली गोळी संपत आलेली.
वीत्स्के सहज लिहिते: हार्म-यान.

सापडले: एकतीस.